एकतीस नंबरचं दार

४ नोव्हेंबर, सोमवार

शून्य. शून्य. शून्य. आज अकरा घरं झाली आणि अकराही घरांत शून्य! कल्याणच्या जुन्या गल्ल्यांतून दिवसभर पायपीट केली, दिवाळीचा उरलेला चिवडा खाऊन पोट फुगलं, आणि हाती काय लागलं — तर आपल्या लोकांना कशाचीच भीती वाटत नाही.

प्रश्न साधा आहे. "गेल्या महिन्यात आपल्याला संसर्गजन्य आजार होईल अशी भीती तुम्हाला किती वाटली? शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे खूपच." असे अठरा प्रश्न. पंधरा देशांत हेच अठरा प्रश्न विचारतायत. कुठल्या मुलखातली माणसं रोगराईला किती घाबरतात ते मोजायचंय, आणि सगळ्यांना पट्टी एकच. ठाणे-कल्याण-डोंबिवली माझ्याकडे. म्हणजे माझ्याकडे आणि राजरत्नकडे. मी विचारते, तो टॅबवर भरतो. पोरगा हुशार आहे, इथल्याच कल्याणजवळच्या शहाडचा आहे, माझ्यासारखा चिडत नाही.

आणि लोक काय करतात? प्रश्न अर्धाही होत नाही तोच — "शुभ बोला हो ताई!" एका काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवायचाच काय तो बाकी ठेवला. "घरात बसून असं काढू नये तोंडातून. वास्तू तथास्तु म्हणते." म्हणजे यांनी 'भीती वाटते' म्हणायचं, वास्तू तथास्तु म्हणणार आणि आजार लगेच दारात हजर! म्हणून शून्य. त्याच काकूंनी मी उठल्याबरोबर माझी खुर्ची पुसायला घेतली. मी चपला घालत होते, मला दिसलं. पण ते भरायला टॅबवर जागा नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आईवर प्रयोग केला. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई! पहिल्याच प्रश्नाला उठून आत गेली. "तुझं काम तू बाहेर कर, ऋजुता. माझ्या घरात नको." शून्यसुद्धा दिलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

शहाड. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे गळ्यात ओळखपत्र दिसलं की आधी "कुठल्या पक्षाच्या?" नाही, पक्षाच्या नाही. "मग यादीत नाव घालायला?" तेही नाही. मग लोकांचा रसच संपतो.

नदीकडच्या एका बैठ्या चाळीत गेलो. दर बारावं घर घ्यायचं असा नियम, त्यात हौसाबाईंची खोली आली. साठीच्या असतील. बाहेर पडवीत त्यांचे यजमान धोंडीबा बाजेवर बसून खोकत होते. पूर्वी कापड रंगवायच्या कारखान्यात होते, आता बिडी ओढतात आणि खोकतात. आत ओट्यावर डबेच डबे. हौसाबाई बावीस जणांना जेवणाचा डबा देतात — कारखान्यातली एकटी राहणारी मुलं, क्लासचे सर, बँकेतल्या एक बाई, चाळीतली काही घरं. घर त्यावरच चालतं.

"भीती? भ्यायला टाइम कुठं हाय? बावीस डबे हायेत रोजचे. लिही तुझं शून्य आन् आधी च्या घे."

चौदावा प्रश्न — "मला असा आजार झाला तर शेजारी मला टाळतील." त्यावर हसायलाच लागल्या. "शेजारी? अगं बाय, ही सगळी माझ्या हातचं खातात. त्या पलीकडच्या विनिताचं बाळंतपण म्या काढलंय. शून्य लिही. शून्याच्या खाली असंल तर ते लिही."

पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं. तेच प्रश्न, तोच माणूस. उत्तरं तीच आली तर पट्टी भरवशाची. चाळीत दारांचे नंबर जुने-नवे, एकेका दारावर दोन-दोन, म्हणून घर सापडायला चौकटीवर आपला क्रमांक टाकतो. खडू पुसला जातो म्हणून हरिहर सरांनी — आमच्या केंद्राचे प्रमुख — न पुसला जाणारा लाल मार्कर दिलाय. ठसठशीत ३१ काढला आणि भोवती गोल. राजरत्न म्हणाला, "मॅडम, एवढा मोठा?" म्हटलं, लांबून दिसायला नको का!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मला वाटलं, मी जिंकले. मला वाटतच राहतं तसं.

शनिवारपासून एक युक्ती करत होते. "तुम्हाला किती भीती वाटते" विचारून झालं की टॅब बाजूला ठेवायचा आणि सहज विचारायचं — "आणि शेजारणीला किती वाटत असेल हो?" काय सांगू! बांध फुटतो नुसता. "तिला? चार! कोविडमध्ये तिने नवऱ्याला बाथरूममध्ये जेवायला दिलेलं." "ती ना, आमच्या सान्वीला कांजिण्या आलेल्या तर आमच्या दारासमोरून जायचं बंद केलं तिने, मागच्या बाजूने जायची." पंचवीस घरं — स्वतः सगळे शून्य, शेजारीण सगळीकडे तीन नाहीतर चार. वास्तू दुसऱ्याच्या नावावर तथास्तु म्हणत नसावी.

आज सगळ्या देशांची ऑनलाइन बैठक होती. हे सगळं मांडलं. परदेशातल्या मुख्य बाई फार गोड हसल्या. फार रोचक आहे म्हणाल्या. पण प्रश्न बदलता येणार नाही. पंधरा देशांत शब्दाला शब्द सारखा हवा. फिनलंडमध्ये शेजारणीचं काय विचारणार? बरोबर आहे. फिनलंडशी जुळायला हवं म्हणून शहाडला खोटं बोलू द्यायचं.

बैठक संपल्यावर हरिहर सर शांतपणे म्हणाले, "आपण मोजणारे आहोत, ऋजुता. शिंपी नव्हे, मापाला कापड बेतायला." सरांचं मराठी ऐकलं की भांडावंसंसुद्धा वाटत नाही. तेच जास्त चीड आणतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. झोपले. बोटाला शाई आणि डोक्यात शून्य.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे बघितलं ते नीट लिहून काढते. नाहीतर उद्या मीच म्हणेन, एवढं काही नव्हतं.

शहाडला दुसरी फेरी. लाल ३१ लांबूनच दिसला. पडवीत धोंडीबा नव्हते. हौसाबाई आत ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या. भिंतीशी डबे पालथे घातलेले, ओळीने.

"या. बघा तुमचा नंबर."

बावीस डब्यांचे सात झालेत. पंधरा दिवसांत!

आम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी चाळीत सुरू झालं. दोन माणसं आली, गळ्यात कार्ड, रोगांचं काहीतरी विचारत होती, आणि चौदा दारांतून एकाच दारावर लाल खूण करून गेली. त्यातून म्हातारा खोकतोय. टीबी! आणि ३१ म्हणजे एकतिसावा पेशंट. क्लासचे सर पहिले गेले, मग बँकेतल्या बाई, मग कारखान्यातली मुलं एकेक करून. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "गावाला जातोय." "पोट बरं नाही." एकाने तर डायटचं कारण दिलं, दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा मुलगा! नळावर यांची बादली दिसली की बाकीच्या मागे सरतात. धोंडीबांना आतच झोपायला सांगितलंय, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. उशीत तोंड खुपसून खोकत होते ते. मी बसले होते तेवढ्या वेळात चार वेळा.

मला उठून पळून जावंसं वाटलं. पण प्रश्न विचारायचे होते. विचारले! निर्लज्जासारखे अठराही प्रश्न विचारले. नाही विचारले तर ते घर बाद धरतात.

चौदावा — "शेजारी मला टाळतील."

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "चार. चारच्या वर न्हाय का काही?"

राजरत्नने चार भरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मॅडम, लोचा आपणच केलेला आहे." मी त्याच्यावर खेकसले. खरं तेच बोलला होता म्हणून.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असून गेले. विनिताला गाठलं. ती जिचं बाळंतपण हौसाबाईंनी काढलं.

"नाही हो," मी म्हटलं, "तसं काही नाहीये. हा फक्त सर्वे आहे."

"कसला?"

"आजाराची भीती किती वाटते त्याचा."

"मग बघा! आजाराचाच झाला ना?"

"अहो, दर बारावं घर घेतो आम्ही. चिठ्ठी काढल्यासारखं."

"मग आमची चिठ्ठी नाही निघाली ती?" आणि आवाज खाली आणून — "हे बघा ताई, मी कुणाला काय नाय बोलली. मावशी माझ्या आईसारखी आहे. पण माझ्याकडे लहान बाळ आहे ना. तुम्हीच सांगा."

तिला विचारलं, तुम्हाला स्वतःला भीती वाटते का? म्हणाली, "छे! मला कशाला वाटेल?"

मी तिथे गेले हेच चुकलं. आता तिसऱ्यांदा आल्या म्हणे सर्वेवाल्या. म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

खूण पुसायला गेलो. ओल्या फडक्याने ढिम्म हलत नाही, रॉकेल कुठे मिळत नाही. शेवटी माझ्या पर्समधला नेलपेंट काढायचा रिमूव्हर. घासघास घासलं. ३१ गेला, चौकटीवरचा हिरवा रंगही गेला आणि वीतभर गुलाबी डाग राहिला. आधी नंबर होता, आता जखम झाल्यासारखं दिसतं. पलीकडच्या ओट्यावर चार बाया उभ्या राहून बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "लपवायला पुसलं."

राजरत्नचं म्हणणं, सगळ्या चौदा दारांवर नंबर टाकू, फिट्टंफाट होईल. दुसऱ्या दारालाच विनिताचा नवरा अंगावर धावून आला. "आमच्या दाराला हात लावाल तर बघा हां!" हात टेकले मी.

हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "नका येत जाऊ आता, पोरी."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

न जाऊन कसं चालेल? रिपोर्ट हवा. कागद दाखवला की तोंडं बंद होतील. धोंडीबांना तासभर समजावलं. "मला काय झालंय? बिडीचा खोकला हाय. तीस वर्सं हाय. तवा कुनी नंबर न्हाय दिला." शेवटी हौसाबाई म्हणाल्या, "जा. माझ्या डब्यांसाठी जा." तेव्हा उठले.

थुंकी दिली, छातीचा एक्स-रे काढला. रिक्षातून नेताना अख्खी चाळ दारात. अर्थातच! सर्वेवाल्या मॅडम म्हाताऱ्याला दवाखान्यात घेऊन चालल्या! याचा विचार मी केला नव्हता. माझ्या डोक्यात येतं ते सगळं नंतर येतं. सात डब्यांचे तीन झाले.

२ डिसेंबर, सोमवार

रिपोर्ट स्वच्छ! टीबी नाही. डॉक्टर म्हणाले, रंगाच्या कारखान्याने आणि बिडीने वाट लावलेली छाती आहे, पण याच्यापासून कुणालाही काही होणार नाही. कुणालाही काही होणार नाही — मी त्यांना दोनदा विचारलं.

तिथल्यातिथे झेरॉक्स काढल्या आणि चाळीत घरोघर दिल्या. विनिताने कागद दोन बोटांनी कोपऱ्याला धरला, वाचला, परत दिला आणि नळावर जाऊन हात धुतले. माझ्यासमोर! "चांगलं झालं ना, मावशींना बरं वाटलं असेल." मग डबा? "आता आम्ही घरीच करतो." तिच्या शेजारच्या बाईने तर सांगूनच टाकलं — "रिपोर्ट काय, पायजे तसे मिळतात."

घरी येऊन आईला सांगितलं. म्हटलं, बघ, माणसं किती अडाणी असतात. आई म्हणाली, "तू मात्र त्या दवाखान्यातून आली आहेस, आधी आंघोळ कर."

५ डिसेंबर, गुरुवार

ठाण्याला, कोपरीच्या ऑफिसात दिवसभर कोष्टकं. पंधरा देशांत आपला आकडा सर्वांत कमी. शून्य पूर्णांक तीन. परदेशातल्या बाईंचा ईमेल आलाय — आपल्या लोकांच्या धैर्याचं रहस्य काय? त्यावर वेगळा लेख लिहावा म्हणतायत. धैर्य! खुर्च्या पुसणाऱ्यांचं आणि कागद दोन बोटांत धरणाऱ्यांचं धैर्य!

सरांना म्हटलं, हे छापायचं नाही. ३१ नंबरची हकीकत आधी लिहू. आपण मोजायला गेलो आणि आपणच एका बाईच्या पोटावर पाय दिला.

सर म्हणाले, "झालं ते वाईट झालं. मला खरंच वाईट वाटतं. पण एका दाराची गोष्ट म्हणजे अभ्यास नव्हे." मग चष्मा काढून — "आणि एकतीस क्रमांक वगळावा लागेल. पहिल्या फेरीला शून्य, दुसरीला चार. बाई भरवशाच्या दिसत नाहीत."

भरवशाच्या दिसत नाहीत! अख्ख्या यादीत एकटीने खरं उत्तर दिलं, तर तीच वगळा! ओरडले मी. शेजारच्या ऑफिसमधली माणसं डोकावली. सरांनी खिडकी लावून घेतली फक्त. संध्याकाळी मीच ३१ ची ओळ काढली. बटण दाबायचं काम माझंच असतं. नोकरीही सोडली नाही.

९ डिसेंबर, सोमवार

विचार करून करून एकच सुचलं. मीच डबा लावते. चाळीला शंका आहे ना, मग जी बाई खूण करून गेली तीच तिथलं जेवते म्हटल्यावर काय बोलणार? राजरत्न येताना घेऊन येईल. तो स्वतःसाठीही एक घेणार आहे.

सांगायला गेले तर हौसाबाई आधी नाहीच म्हणाल्या. "उपकार नको." म्हटलं, उपकार नाही, माझ्या आईला आता दोघींचा स्वयंपाक होत नाही. (आईने ऐकलं तर मला घरात घेणार नाही.) मग एकदम डोळ्यांना पदर लावला. "तुम्ही खाल्लं ना, की बाकीचेबी खातील. सांगते मी समद्यांना. सर्वेवाल्या मॅडम माझ्याच हातचं जेवतात."

महिनाभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. काहीतरी जमलं एकदाचं.

११ डिसेंबर, बुधवार

जमतंय! खरंच जमतंय! काल पहिला डबा आला. मेथी, आमटी, तीन चपात्या, वर वेगळ्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. झाकण काढल्याबरोबर वास सुटला, शेजारच्या ऑफिसमधली मुलगी विचारत आली, कुठून मागवला?

राजरत्न सांगत होता, चाळीत चर्चा आहे. "मॅडम जेवतात बोलल्यावर लोक गप झालेत." कारखान्यातली दोन मुलं परत आली, आणि क्लासच्या सरांनी सोमवारपासून डबा सांगितलाय. विनिता अजून नाही. पण काल नळावर हौसाबाईंची बादली बघून मागे सरली नाही म्हणे ती. तीन डब्यांचे आठ झाले, आमचे दोन धरून.

हौसाबाईंनी उद्यासाठी निरोप पाठवलाय — भरलं वांगं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवसांत चार डबे. चारही मी ऑफिसातून परत आणले आणि स्टेशनबाहेरच्या कचरापेटीत रिकामे केले. खूण माझीच, रिपोर्ट मीच आणलेला, डॉक्टरांना दोनदा विचारणारी मीच. तरी घास तोंडाशी नेला की उशीत दाबलेला तो खोकला ऐकू येतो आणि हात खाली येतो. डबे घरी गरम पाण्याने दोन-दोनदा घासते.

आत्ता हौसाबाईंचा फोन होता. "काल वांगं कसं झालेलं?"

छान झालेलं, म्हटलं.